दाविद मास्तरांचं रिस्के

दाविद मास्तरांनी मला चार वर्षांत एकही विनोद पुरा सांगितला नाही. सुरुवात मात्र शेकड्यांनी केली. माझी त्यांच्यावरची मुख्य तक्रार हीच आहे आणि बाकीच्या तक्रारी हिच्याच पोटातून निघाल्या आहेत. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे लिहावेत हे मला कळतं. पण मास्तरांबद्दल गोड गोड लिहायला बसलो, तर दुसऱ्या ओळीला त्यांचं ते बोट वर झालेलं दिसतं आणि "गायकवाड, पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी," हे वाक्य कानात वाजतं. मग पूर्वीचा सगळा राग नव्यानं येतो.

नेवाशाहून सोनईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावात मिशनची शाळा होती. चार मास्तर, एक लहानसं देऊळ, म्हणजे आमचं ख्रिस्ती मंडळींचं, एक विहीर आणि कंपाउंडभर कडुनिंब. दुसरी लढाई सुरू झाली त्याच सुमारास मी तिथं लागलो, तेव्हा मास्तरांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, वाळका माणूस. अंगात पहिल्या लढाईतला खाकी कोट आणि पायात त्याच लढाईतले बूट. त्या बुटांचे तळ इतक्या वेळा बदलले होते, की अस्सल फ्रान्सच्या म्हणाव्यात अशा नाड्या तेवढ्या उरल्या असाव्यात, आणि मला त्यांचीही खात्री नाही.

पहिल्या लढाईत नगर जिल्ह्यातून मजुरांच्या पलटणी फ्रान्सला गेल्या. त्यातल्या एकीबरोबर मास्तर कारकून म्हणून गेले. रेल्वेचे रूळ टाकायचे, चिखल उपसायचा, पेट्या उतरवायच्या. तिथून लोक थंडीनं गेलेली बोटं घेऊन आले, कुणी घड्याळं आणली, कुणी ब्लँकेटं. मास्तरांनी एक शब्द आणला. रिस्के.

तो त्यांना कसा मिळाला ते मी इतक्या वेळा ऐकलंय, की मला वाटतं मीच तिथं होतो. छावणीजवळच्या खेड्यात एक धोबीण साहेबलोकांचे कपडे धुवायची. एकदा तिनं कपडे परत देता देता एक गोष्ट सांगितली. भोवतीच्या बाया पोट धरून हसल्या, आणि एक कोवळा इंग्रज अंमलदार कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "रिस्के!" मास्तरांनी दुभाष्याला गाठून अर्थ विचारला. दुभाष्यानं अर्थही सांगितला आणि गोष्टही सांगितली. ती गोष्ट एक बिशप आणि एक धोबीण यांची.

"एका गावात एक बिशप होता," मास्तर मधल्या सुट्टीत सुरू करायचे, "आणि त्याचे कपडे धुणारी एक धोबीण होती. एक दिवस जोराचा वारा सुटला..."

इथं बोट वर.

"गायकवाड, पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही गोष्ट अश्लील नाही. ही रिस्के आहे. फ्रेंचांकडे रिस्क म्हणजे धोका. त्यावरून रिस्के, म्हणजे धोक्यात घातलेला. इंग्रजानं हा शब्द उचलला, कारण असल्या गोष्टी त्याला ऐकायला आवडतात आणि त्यांना नाव द्यायला लाज वाटते. नाव परक्या भाषेतलं असलं की लाज निम्मी होते. आता प्रश्न असा, की धोका कुणाला?"

"सांगणाऱ्याला," मी डबा बंद करत म्हणायचो.

"बरोबर! ऐकणारा काय, हसून मोकळा होतो. पण का?"

आणि मग का, ते सुरू व्हायचं. त्यात सुट्टी संपायची. वाऱ्यानं बिशपच्या कपड्यांचं काय केलं हे मला कधीच कळलं नाही. धोबीण, बिशप आणि वारा चार वर्षं तिथंच खोळंबून राहिले.

नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे, करूनही दाखवायचे. कंपाउंडातल्या विहिरीला हातभर रुंदीचा दगडी काठ होता, कठडा नव्हता. मास्तर आपले बूट घालून त्या काठावर चढायचे. "हा इकडं आत पडला तो अश्लील. हा इकडं अंगणातच राहिला तो कंटाळवाणा. आणि हा काठाकाठानं जाऊन आपल्या पायांनी परत आला, तो रिस्के. परत येणं महत्त्वाचं, गायकवाड. परत येता आलं पाहिजे." असं म्हणत ते अख्खी विहीर फिरायचे, पाणी भरायला आलेल्या बायका जीव मुठीत धरून बघायच्या आणि मी खाली उभा राहून म्हणायचो, "मास्तर, उतरा हो, तास सुरू झालाय." एकदा तर मी त्यांचा कोट धरून ठेवला होता. कोटाची बटणं फ्रान्सची आहेत, ओढू नका, असं मलाच ऐकावं लागलं.

माझं स्वतःचं नुकसानही त्यांनी काही कमी केलं नाही. मी तेव्हा कच्च्या नेमणुकीवर होतो. डेप्युटीसाहेबांनी येऊन माझा पाठ बघायचा आणि बरा शेरा द्यायचा, मग मी कायम व्हायचो. घरी आई होती आणि दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. डेप्युटी यायच्या दिवशी मी पहाटे उठून फळा कोळशानं घोटून काळा केला, पोरांना आंघोळी घालून आणायला लावलं. साहेब आले. चहासाठी दहा मिनिटं मास्तरांच्या खोलीत टेकले. बोलता बोलता कसल्याशा तमाशाचा विषय निघाला आणि साहेब हसून म्हणाले, "फारच चावट असतं बुवा."

झालं. मी दाराशी उभा होतो, मला आतून वाक्य ऐकू आलं, "साहेब, पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी."

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांची परतीची मोटार उभी होती. माझा पाठ एक वर्ष पुढे गेला. मास्तरांना त्याचं काही वाटलं असेल म्हणता? संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन म्हणाले, "माणूस जिज्ञासू आहे हो. आपण त्याला विहिरीपर्यंत नेऊ शकलो नाही एवढीच चुटपुट." मी त्यांच्याशी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी तेच येऊन बसले आणि बिशपपासून सुरुवात केली.

त्यांना पुरून उरणारा एकच माणूस गावात होता, हमीदभाई. मोटारस्टँडवर तिकिटं फाडायचे. मास्तर एकदा त्यांना रिस्के समजावत होते, तर हमीदभाई निवांतपणे म्हणाले, "मास्तर, ह्यो शबुद आमचा हाय."

"तुमचा कसा?"

"रिझ्क. म्हंजी रोजी. अल्ला देतो ती भाकर. नगरच्या मौलवीसाबाला इचारा. तुमच्या फ्रेंचानं आमच्याकडनंच नेला आसंल."

मास्तर दोन महिने अस्वस्थ होते. भाकरीचा आणि चावट गोष्टीचा संबंध काय, असं मलाच खोदून खोदून विचारायचे, जणू तो शब्द मीच बनवला होता. शेवटी नगरला मिशनच्या साहेबांकडे जाऊन त्यांचा जाडजूड कोश पाहून आले. कोशात म्हणे मूळ पक्कं नव्हतंच. कुणी म्हणतं, समुद्रातल्या खडकाला इटलीचे खलाशी तसं म्हणत, ज्यावर गलबत फुटतं. कुणी म्हणतं, अरबी आहे, हमीदभाई म्हणतात तसंच. मास्तरांनी हे इमानदारीनं हमीदभाईंना जाऊन सांगितलं, आणि वर सांगितलं की निकाल लागलेला नाही. हमीदभाई म्हणाले, "लागंल की. घाई कशाची हाय?"

आता सगुणाबाईंचं सांगायला हवं, कारण मास्तरांचं पुढे जे झालं ते त्यांच्यापायी.

सगुणाबाई मिशनच्या बायबल-बाई. वाड्यावस्त्यांवर फिरून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, आजारी बाळंतिणीजवळ बसायच्या. नवरा लवकर गेलेला. कंपाउंडात मिशननं दिलेली एक खोली आणि दोन मुली मिशनच्या बोर्डिंगात. त्यांचा गळा असा, की आमच्या लोकांत कुठंही लग्न असलं की हळदीला सगुणाबाई पाहिजेतच. हळदीच्या गाण्यांत विहिणीची थट्टा असते, ती आमच्याकडे ख्रिस्ती झाल्यावरही सुटली नव्हती. देव बदलला तरी विहीण तीच होती.

यातून आमच्याकडे एक रिवाज पडला होता. हळदीच्या संध्याकाळी पाळक येऊन प्रार्थना करत, आशीर्वाद देत. मग बायकांनी पहिलं गाणं सुरू केलं, की पहिल्या कडव्याला पाळकांनी टोपी उचलायची आणि निघायचं. म्हणजे पाळकांचाही मान राहायचा आणि बायकांचंही गाणं व्हायचं. बायकाही दुसरं कडवं लगेच घेत नसत. पाळक फाटकाबाहेर पडेपर्यंत पहिलंच घोळवत राहत. त्यामुळे आमच्या भागातल्या आजवरच्या एकाही पाळकानं कुठल्याही गाण्याचं दुसरं कडवं ऐकलेलं नव्हतं. ते असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं म्हणा ना.

माझ्या चौथ्या वर्षी नवे पाळक आले. तरुण, कडक, शहरातले. मास्तरांच्या पुतणीच्या मैत्रिणीचं लग्न होतं. पाळकांनी रिवाजाप्रमाणे पहिल्या कडव्याला टोपी उचलली, पण जाताना खिशातून पेन्सिल काढून ते कडवं उतरवून घेतलं आणि सगुणाबाईंविरुद्ध तक्रार केली. ते कडवं असं:

विहीणबाई, विहीणबाई, बाज कशानं मोडली गं?
व्याही मळ्यात राखणीला, मग जोडी कुणाशी जोडली गं?

देवळाशेजारच्या खोलीत पंचांची कमिटी बसली. अध्यक्ष पाळकच. दोन म्हातारे पंच, शाळेतर्फे दाविद मास्तर आणि कमिटीची वही लिहायला मी. सगुणाबाई दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. पाळकांनी तक्रार वाचली, मी ती कडव्यासकट वहीत उतरवली. मिशनची बाई असलं गाते, तेव्हा तिला कामावरून कमी करावं आणि खोली रिकामी करून घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. तसा कागद नगरच्या साहेबांकडे जायचा होता, आणि साहेब वहीत लिहिलेलं वाचूनच सही करत.

"तुम्ही हे गायलात?" पाळकांनी विचारलं.

"गायले की," सगुणाबाई म्हणाल्या. "पन साहेब, तुमी निम्म्यावर गेलात. फुडं हाय गानं."

"मग पुढचं म्हणून दाखवा."

सगुणाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. "पाळकाम्होरं? न्हाई बा. आमच्यात पाळकाम्होरं त्ये म्हनत न्हाईत."

"म्हणजे ते याहून वाईट आहे."

"वाईट न्हाई वो..." एवढंच बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दौतीकडे बघितलं. दुसरं कडवं मला माहीत होतं. आमच्या लोकांतल्या प्रत्येक पोराला ते माहीत असतं. दोन्ही पंचांनाही माहीत होतं, पण एक डोळे मिटून होता आणि दुसऱ्यानं तपकीर काढली. दोन पोरींची आई असलेली बाई रस्त्यावर येणार होती आणि आम्ही तीन बाप्ये आपापली अब्रू सांभाळत बसलो होतो.

तेवढ्यात मास्तर उठले. "पुढे जाण्याआधी," ते म्हणाले, "एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फ्रेंच भाषेत..."

मी कपाळाला हात लावला. आता हे विहिरीवर जाणार, खडकावर जाणार, इटलीला जाणार आणि इकडे बाई जाणार.

"मास्तर, खाली बसा," पाळक म्हणाले.

मास्तर बसले नाहीत, पण गप्प झाले. त्यांना बोलता बोलता मध्येच थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कोटाचं वरचं बटण लावलं. आणि दाविद मास्तर गाऊ लागले. देवा, तो आवाज! गंजलेला रहाट ओढावा तसा. पहिलं कडवं म्हटलं. पाळक ओरडले, "बंद करा!" मास्तरांनी त्या ओरडण्यावर आवाज चढवून दुसरं कडवं म्हटलं, अगदी शेवटच्या 'गं'पर्यंत, टाळीसकट. तपकीरवाले पंच शिंकल्यासारखे हसले. सगुणाबाईंचे खांदे पदराखाली हलत होते, हसून की रडून ते मला कळलं नाही.

"हे माझ्या लग्नात म्हटलं होतं," मास्तर म्हणाले. "माझ्या आईवर. माझी बायको हळद लावलेल्या हातांनी तोंड झाकून हसली होती. मी फ्रान्सला असताना ती साथीत गेली. तिचं हसणं म्हणून मला तेवढंच आठवतं, दुसऱ्या कडव्याचं. पहिल्याला ती घाबरली होती." मग माझ्याकडे वळून, "गायकवाड, लिहा."

"काही लिहायचं नाही," पाळक म्हणाले. "असल्या ओळी मंडळीच्या वहीत जाणार नाहीत."

"एक गेलंय ना वहीत? निम्मं लिहिलंत तर ही बाई अश्लील. पुरं लिहा, म्हणजे ती खट्याळ. गायकवाड, लिहा हो."

माझ्या हातात टाक होता. शाई होती. पुढच्या महिन्यात माझ्या नोकरीचा निर्णय व्हायचा होता आणि त्यावर पाळकांचाही शेरा लागणार होता. मी टाक खाली ठेवला.

मास्तरांनी वही स्वतःकडे ओढली, तोच टाक घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात दुसरं कडवं लिहून खाली सही केली.

साहेबांचा निकाल दहा दिवसांत आला. सगुणाबाईंवरची तक्रार रद्द. साहेबांनी पानाच्या कडेला लिहिलं होतं की गाणं पुरं वाचलं असता त्यात निरोगी थट्टेपलीकडे काही आढळत नाही. त्याखाली दुसरं कलम: मंडळीच्या वहीत परवानगीवाचून आणि अध्यक्षांची आज्ञा मोडून लिहिल्याबद्दल मास्तर दाविद यांना शाळेतून कमी करण्यात येत आहे. त्याखाली तिसरं कलम: कारवाईच्या वेळी शिस्त पाळल्याबद्दल गायकवाड यांना नोकरीत कायम करण्यात येत आहे.

ते पत्र मी मास्तरांना वाचून दाखवलं, कारण चष्मा सापडत नाही असं ते म्हणाले. चष्मा कपाळावर होता. "बघा," ते म्हणाले, "धोका सांगणाऱ्यालाच असतो, ऐकणाऱ्याला नाही. मी तुम्हाला चार वर्षं हेच समजावतोय." मला त्यांचा इतका संताप आला! माणसानं आपली नोकरी गेल्यावर तरी रडावं, निदान मला शिवी द्यावी. मला ती शिवी हवी होती. त्यांनी ती दिली नाही, हेही मी त्यांच्या खात्यात मांडून ठेवलं आहे.

पुतण्याकडे पाथर्डीला जायला ते निघाले, त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नसे. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली आणि ती पेटायला अर्धा तास लागायचा. हमीदभाई भट्टीचा पंखा फिरवत होते.

"मास्तर," ते घाम पुसत म्हणाले, "तुमच्या रिस्केनं तुमचा रिझ्क खाल्ला की वो."

मास्तर खिडकीतून खूष होऊन म्हणाले, "म्हणजे दोन्ही मुळं एकाच ठिकाणी आली! हमीदभाई, निकाल तुमच्या बाजूनं."

तेवढ्यात सगुणाबाई पळत आल्या. पदराखालून एक भलामोठा भोपळा काढून खिडकीतून मास्तरांच्या मांडीवर ठेवला. मोटारीतल्या बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि सगुणाबाईही हसल्या.

मी खिडकीजवळ गेलो. माफी मागायची होती, ती तोंडातून निघेना. म्हणून म्हटलं, "मास्तर, अजून वीस मिनिटं आहेत. निदान ती बिशपची गोष्ट तरी पुरी करा."

त्यांचा चेहरा उजळला. "एका गावात एक बिशप होता. आणि त्याचे कपडे धुणारी एक धोबीण होती. एक दिवस जोराचा वारा सुटला." बोट वर झालं. "गायकवाड, पुढे जाण्याआधी..."

वीस मिनिटं गेली. मोटार धडधडत सुरू झाली आणि धुराळ्यात दिसेनाशी झाली, तेव्हाही ते बोट खिडकीबाहेर वरच होतं, आणि दुसरा हात भोपळ्यावर. मला ते पुन्हा दिसले नाहीत. पुढे दोन वर्षांनी ते गेल्याचं हमीदभाईंकडूनच कळलं.

मी शाळेतून हेडमास्तर होऊन रीतसर निवृत्त झालो. माझ्या हातून वह्या पुष्कळ लिहून झाल्या आणि त्यातल्या एकाही पानावर कुणाला बोट ठेवता येणार नाही, इतका मी जपून वागलो. ते एक पान तेवढं दुसऱ्याच्या अक्षरात राहिलं. ते आज माझ्या अक्षरात लिहितो आहे:

नका बायांनो गालात हसू, मीबी आधी हसले गं,
बारा भोपळं बाजंवरती, तेरावी मी बसले गं!

लिहिलं, मास्तर. खाली सहीही करतो.